काळ्या मण्यांतली पिन

तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी जेवणारी बाई दातांत अडकलेला मेथीचा धागा कशाने काढते?

लगेच उत्तर देऊ नका. पुरुषांचं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ते मिसळ खाऊन हॉटेलाबाहेर येतात, गल्ल्यावरच्या डबीतून काडी उचलतात आणि रस्त्याकडे तोंड करून निवांत दात कोरतात. त्यात त्यांना लाज वाटत नाही, वाटूही नये. मी विचारते आहे ते बाईबद्दल. तुम्ही तिला दात कोरताना पाहिलंय का? नसेल पाहिलं, तर तिच्या दातांत काही अडकतच नाही, असं तुम्हाला वाटतं का?

हा प्रश्न मला ज्यांच्यामुळे पडला, त्या बोराडेबाईंबद्दल लिहायचं आहे.

बाई निफाडजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे यजमान आप्पा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते. दोघंही निवृत्त झाल्यावर नाशिकरोडला जेल रोडच्या बाजूला राहायला आले. बाईंनी तिथल्या बायकांचा एक गट बांधला. माझी आई त्या गटात होती, म्हणून आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत. दारूवरचं पत्रक, हुंड्यावरचं, नळाला दूषित पाणी येतं त्यावरचं. मी अक्षरं जोडायला शिकले ती त्या पत्रकांवरच. 'निषेध' हा शब्द मला 'निसर्ग'च्या आधी वाचता आला.

पत्रकाबद्दल बाईंचे नियम कडक होते. एक कप चहा संपेपर्यंत ते वाचून झालं पाहिजे. ते कुणाच्या अंगावर टाकायचं नाही, हातात द्यायचं आणि देताना डोळ्यांत बघायचं. एकदा देवळाली गावच्या बाजारात एका गृहस्थाने दारूबंदीचं पत्रक घेतलं, आमच्यासमोरच त्याच्या कोपऱ्याची टोकदार घडी केली, त्या टोकाने दाढ कोरली आणि पत्रक खाली टाकलं. बाईंनी ते उचललं, झटकलं आणि पुन्हा त्याच्या हातात ठेवलं.

"दात झाले ना साफ? आता वाचा. तेवढंच डोकंपण होऊ द्या."

आजूबाजूचे भाजीवाले फिदीफिदी हसले. बाईही हसल्या, पदर तोंडाला लावून. त्या नेहमी तशाच हसत. आम्हाला वाटे, जुन्या वळणाची बाई आहे, मर्यादा पाळते. इतक्या वर्षांत एकीनेही जास्त विचार केला नाही.

बाईंच्या गळ्यात काळ्या मण्यांची एक साधी पोत होती आणि तिच्यात कायम तीन-चार सेफ्टी पिना अडकवलेल्या असत. मी कॉलेजात नवीन नवीन पुस्तकं वाचून आले तेव्हा बाईंशी वाद घातला होता, की मंगळसूत्र ही गुलामीची खूण आहे, तुमच्यासारखीने ते घालूच नये. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"असेल गं खूण. पण मग पिना कुठं अडकवू?"

त्या पिनांनी बाई जग चालवत. साडीच्या निऱ्या, फाटलेली पिशवी, पोराच्या पायातला काटा, मंडपाच्या कापडाला लावायचं पत्रक. आणि आणखी एक काम. ते मला कळलं त्यांच्या भाच्याच्या लग्नात.

लग्न निफाडकडच्या गावात होतं. तिकडे अजून पंगती बसतात. आधी पुरुषांची बसली. वांग्याची रस्साभाजी, बुंदी, वरणभात. पंगत उठली तशी बडीशेपेचं ताट आणि काड्यांची डबी फिरली. मग बायका बसल्या. जेवणं झाली तेव्हा बडीशेप आली, पण डबी आली नाही. गटातल्या अंजनाबाई आमच्याबरोबर होत्या, भाजीचा गाडा लावणाऱ्या, जीभ तिखट. त्यांनी वाढप्याला हाक मारली.

"ए दादा, काड्यांची डबी आण की इकडं."

नवरदेवाचे चुलते नाना खुर्चीवर दात कोरत बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "बायांच्या दातात काय अडकतंय? त्या कुठं एवढं खात्यात!"

सगळे हसले. बायकाही हसल्या. मी बाईंकडे पाहिलं. या बाईने तहसीलदाराला भर बैठकीत खाली बसवलं होतं. आता त्या काहीतरी सणसणीत बोलणार, याची मी वाट पाहत होते. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्याही हसल्या.

हात धुवायला मी मंडपामागे गेले, तिथे पाण्याचा टँकर उभा होता. टँकरकडे तोंड करून आणि मंडपाकडे पाठ करून बायका रांगेने उभ्या होत्या. कुणाच्या हातात खराट्याची हीर, कुणाच्या हातात पदराचा ओढलेला दोरा. एकीने तर डोक्याचा लांब केस उपटून दोन बोटांना गुंडाळला होता. सगळ्यांच्या मध्ये बोराडेबाई, काळ्या मण्यांतली एक पिन उघडून.

"बाई, झाली का? द्या की जरा," शेजारची म्हणाली.

बाईंनी पिन पदराला पुसली आणि दिली. तिने वापरून पुढचीला दिली. पिन फिरून परत आली तेव्हा बाईंनी ती पुन्हा पुसली, मिटली, पोतीत अडकवली. सगळं इतकं सवयीचं होतं, की एकही शब्द जास्त बोलावा लागला नाही. बांगड्यांत, पोतीत पिन अडकवायची रीत आपल्याकडे किती जुनी आहे कोण जाणे. ती कशाकशासाठी असते हे पुरुषांना कधी सांगितलं गेलं नसावं.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "बाई, तुम्ही नानांना काहीच बोलला नाहीत."

"कशाबद्दल?"

"डबीबद्दल."

बाई बाहेरच्या द्राक्षबागांकडे बघत राहिल्या. "दातातल्या वांग्यासाठी भांडायचं का प्राजू? लोक म्हणतील, बोराडेबाईला आता विषय उरले नाहीत."

त्यानंतरची गोष्ट सांगायला मला जड जातं, पण सांगितली नाही तर हे लिहिण्यात अर्थ नाही. बैठकीत सतरंजीवर बाईंच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग सगळ्यांच्या आलं. बाईंच्या तोंडाला वास येत होता. बोलताना त्या जवळ आल्या की समोरची बाई हळूच मान वळवी, काहीतरी शोधल्यासारखी पर्समध्ये बघे. आम्ही नवऱ्याच्या माराबद्दल बोलणाऱ्या बायका होतो. पाळीबद्दल आम्ही चौकात पत्रक वाटलं होतं. आणि आमच्यातल्या एकीलाही त्यांना हे सांगता येत नव्हतं.

बाईंना कळत होतंच. त्या लांब बसायला लागल्या. मग कमी बोलायला लागल्या. बाजारात शेवटच्या गाड्यापर्यंत पोचणारा त्यांचा आवाज, पण आता भाषणाची वेळ आली की म्हणायच्या, "घसा बसलाय, तू बोल." आम्ही बोलत होतो, लोक ऐकतही होते, पण गटाचा आवाज बाईंचा होता. तो गेला असता तर बाईंचं काय उरलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

संक्रांतीचा मेळावा आला. आमच्या मेळाव्याची एक गोष्ट सांगायला हवी. हळदीकुंकवात विधवांना बाहेर ठेवतात, म्हणून बाईंनी आमच्यात हळदीकुंकूच बंद केलं. मेळाव्याला सगळ्या यायच्या, तिळगूळ सगळ्यांना, आणि वाणही सगळ्यांना. चहागाळणी असो की डबी, सगळ्यांना एकसारखं. सुरुवातीला एका बाईने विधवांसाठी वेगळं, हलकं वाण आणलं होतं, ते बाईंनी तिथल्या तिथे परत करायला लावलं होतं. 'सगळ्यांना सारखं' हे आमच्यात देवाच्या नावासारखं होतं.

त्या मेळाव्यात बाई बोलायला उभ्या राहिल्या. तोंडात तिळाच्या चिक्कीचा तुकडा होता. एकदम थांबल्या. पदर तोंडाशी नेला, पदराला रक्त लागलं. माइक त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि त्या निघून गेल्या. खालचे दोन दात हलायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन त्यांच्याकडे गेली.

"बाई, चला. दातांच्या डॉक्टरकडे."

"काही नाही गं, चिक्की कडक होती."

"बाई, तुमच्या तोंडाला वास येतो. सगळ्यांना येतो. कुणी सांगत नाही."

आप्पा आतल्या खोलीत गेले. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"कधीपासून?"

"लय दिवस."

"मग सांगितलं का नाहीस?"

"लाज वाटली."

"माझी?"

"नाही हो. बोलायचीच."

दवाखान्यातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. "मावशी, आ करा," म्हणाली. बाईंनी आ केला आणि वर पदर धरला. "अहो, पदराच्या आत मला कसं दिसणार?" डॉक्टर हसून म्हणाली. बाईंनी पदर सोडला आणि डोळे घट्ट मिटले. खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"दातांच्या फटींत काय वापरता?"

बाईंनी तोंड मिटलं. शेवटी आईने पुढे होऊन त्यांच्या पोतीतली पिन काढली आणि स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. आवाज झाला. बाईंनी डोळे उघडले नाहीत.

डॉक्टर रागावली नाही. "हिनं हिरडी फाटते, मावशी. आणि एकीची पिन दुसरीनं तर मुळीच वापरायची नाही. रक्त येतं?"

"येतं. आलं की मी आठ दिवस तिथं हात लावत नाही. ब्रशसुद्धा."

"तिथंच चुकतं. घाण साचते म्हणून हिरडी सुजते, सुजते म्हणून रक्त येतं. तुम्ही हात लावायचं सोडलं की घाण आणखी साचते. आधी मी सगळं साफ करून देते. मग रोज फटी साफ करायच्या. पहिले काही दिवस थोडं रक्त येईल. घाबरून थांबायचं नाही. पंधरवड्यानंतरही येत राहिलं तर मला दाखवायचं."

तिने एक डबी उघडली. तारेवर केस बसवलेले इवलेसे ब्रश, बाटली घासायच्या ब्रशची पिल्लं जणू. वेगवेगळ्या रंगांचे, वेगवेगळ्या जाडीचे.

"एवढे?" बाई म्हणाल्या.

"कासाराकडे बांगडी भरताना माप बघता ना? तसंच. सैल ब्रश काही साफ करत नाही आणि दाबून घालायचा नाही. हलकेच गेला पाहिजे, पण केस दोन्ही दातांना लागले पाहिजेत. मागच्या फटी मोठ्या आहेत, तिथं हा जाड. इथं हा बारीक. आणि पुढं वरचे दात चिकटून आहेत, तिथं ब्रश जाणारच नाही, तिथं हा मेणाचा दोरा. एका तोंडातसुद्धा एक माप चालत नाही."

खालचा एक दात काढावा लागणार होता. दुसरा आणि बाकीचे वाचतील की नाही, ते आता बाईंच्या हातात होतं.

बाईंनी मनावर घेतलं. ब्रश त्यांनी चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवले, म्हणजे पर्स उघडली तरी कुणाला कळू नये. न्हाणीघराची कडी लावून, नळ सोडून त्या दात साफ करत. पुण्याच्या मुलाला कळलं तेव्हा त्याने पाण्याची पिचकारी मारणारं यंत्र पाठवलं. बाईंनी तोंडात घालायच्या आधीच बटण दाबलं. आरसा, भिंत, आप्पांचा बनियन, सगळं भिजलं.

"अगं, बाग फवारायला काढलीस काय?" आप्पा ओरडले.

ते यंत्र माळ्यावर गेलं. ब्रश आणि दोरा राहिले. हळूहळू रक्त थांबलं, वास गेला. सतरंजीवर बाईंच्या शेजारी पुन्हा कुणी ना कुणी बसायला लागलं. फक्त भाषण त्या अजून करत नव्हत्या. दात काढल्याची ती फट त्यांना आडवी येत होती. मी म्हटलं, "बाई, यावर पत्रक काढू या." त्या माझ्यावर खेकसल्या. "माझ्या तोंडाचं पत्रक? गावभर वाटतेस काय मला?"

आणि मग पुढच्या संक्रांतीला त्यांनी स्वतःच वाण आणलं. कागदी पुड्यांत बांधलेले दातांच्या फटींचे ब्रश. पुडी सोडेपर्यंत आम्हालाही पत्ता नव्हता. बाई वर्षभराने माइक हातात धरून उभ्या होत्या. आवाज पहिल्यांदा कापला, मग लागला. पिनेबद्दल बोलल्या, टँकरबद्दल बोलल्या. बायका एकमेकींना ढोसून हसत होत्या.

"अगं बाई, हे काय, बाटली घासायचं का?"

"बाई, हे माझ्यात शिरतच नाय."

"माझ्यात नुसतं नाचतंय!"

मला पुड्या बघून कळलं. सगळे ब्रश एकाच रंगाचे होते. एकाच मापाचे. सगळ्यांना सारखं. आमच्या मेळाव्यात दुसरं वाण येणंच शक्य नव्हतं. जिने स्वतःच्या तोंडासाठी मापं शिकून घेतली, तिला दुसऱ्यांसाठी वाण घेताना जुनं तत्त्वच आठवलं होतं.

तेवढ्यात अंजनाबाई किंचाळल्या. ब्रश शिरत नाही म्हणून त्यांनी तो जोर लावून दाबला होता. तार वाकली होती आणि हिरडीतून रक्त येत होतं. त्यांनी चटकन पदर तोंडाला लावला. बघता बघता सगळ्या सभागृहाने पदर तोंडाला लावले. जिच्या अंगावर ड्रेस होता तिने ओढणी लावली. मीही लावली.

बाईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता माइक पुन्हा खुर्चीवर जाणार.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "बांगडी कधी आपण सगळ्यांना एका मापाची भरतो का? मी भरायला निघाले."

त्यांनी माइक खरंच खाली ठेवला. चष्म्याची डबी काढली. अंजनाबाईंच्या समोर गेल्या, आणि पदर खांद्यावरून घट्ट कमरेला खोचला. मग ट्यूबलाइटखाली तोंड पूर्ण उघडलं. ती फट, काळवंडलेली दाढ, सगळं. एक एक ब्रश काढून दाखवत गेल्या. इथं हा जातो. इथं हा नाही जात, मग जोर नाही करायचा, बारीक घ्यायचा. इथं तोही नाही, इथं दोरा.

कुणी हललं नाही.

"या की जवळ," बाई म्हणाल्या. "वास येतोय का, ते बघायला तरी या."

अंजनाबाई उठल्या. त्यांच्यामागून आणखी दोघी-तिघी. बाकीच्या बसून राहिल्या. पुड्या पर्समध्ये गेल्या, चहा आला, पाण्याच्या बिलांचा विषय निघाला. डॉक्टरकडे जाऊन माप घेऊ, असं बाईंनी तीनदा सांगितलं. गेल्या त्या मोजक्याच. मी गेले, पण घरी कडी लावूनच ब्रश वापरला. अजूनही लावते. मोर्च्यात सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी मी, आमच्या न्हाणीघराची कडी मला अजून काढता आलेली नाही.

बाई आणि आप्पा नंतर मुलाकडे पुण्याला गेले. जायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या गल्लीत गेले, तेव्हा बाई पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या होत्या, रस्त्याकडे तोंड करून. मागे एकलहऱ्याच्या चिमण्यांचा धूर. हातात ब्रश होता. खालून दूधवाला गेला, दोन माणसं गप्पा मारत गेली. एकाने वर पाहिलं. बाईंचा डावा हात पदर घेऊन अर्ध्यापर्यंत वर आला. तिथे थोडा थांबला. मग खाली गेला आणि त्यांनी पुढची फट साफ करायला घेतली. कान लाल झालेले मला खालूनही दिसत होते.

"प्राजू, वर ये. चहा टाकते," त्यांनी हाक मारली. गळ्यात पोत होती. तिच्यात एक पिन होती.

"साडीसाठी ठेवलीय हो," मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आज रात्री पानं उचलण्याआधी काड्यांची डबी तुमच्या घरात शेवटी जेवणाऱ्या बाईपुढे ठेवा, आणि आजवर ती काय वापरत होती ते विचारा. नुसतं विचारून थांबू नका. या आठवड्यात तिला दातांच्या डॉक्टरकडे न्या, तिच्या मापाचे ब्रश घेऊन द्या. तुमचा ब्रश तिला देऊ नका. ती आधी हसेल, मग पदर तोंडाला लावेल. थांबा. आणि तिने पदर खाली घेतला, की मान वळवू नका.